वऱ्हाडांतील विषाणूचा पालट

सन २०२१ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांतील कोरोनाची सांथ ओसरली, अशी समजूत दृढ होत होती. त्याच सुमारास वऱ्हाडांतील अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकाएकीं वाढूं लागली. ता. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत प्रथम एका आठवड्याची टाळेबंदी आली. अकोल्यांतहि निर्बंध लागले.

गर्दी व बेफिकिरी हीं कारणें तर होतींच. परंतु विषाणूहि पूर्वीचा राहिला नव्हता. विषाणू देहांत शिरला कीं आपल्या असंख्य नकला काढतो. सुमारें ३०,००० अक्षरांच्या त्या लेखाची नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें. बहुतेक चुका वायां जातात. एखादी मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या यकृतांत वर्षानुवर्षें राहून असाच पालटतो. कोरोनाचा मुक्काम थोड्या दिवसांचा. पण त्याचेहि अनेक वाहक ठणठणीत असत, आणि म्हणूनच ते बाजारांत व लग्नमांडवांत निःशंकपणें वावरत.

हीं अक्षरें वाचण्यासाठीं डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें दहा प्रयोगशाळांचा संघ स्थापिला होता. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यांपैकींच एक. ता. २४ मार्च रोजीं केंद्रीय आरोग्य खात्यानें जाहीर केलें कीं, महाराष्ट्रांतील सुमारें १५ ते २० टक्के नमुन्यांत ४५२ व ४८४ ह्या स्थानांचे पालट आढळले आहेत. हीं स्थानें ज्या काटेरी प्रथिनावर आहेत, त्याच्याच आधारें विषाणू पेशींत शिरतो. ह्या कुळांतील दोन भावंडांना जागतिक आरोग्य संघटनेनें ३१ मे रोजीं कप्पा व डेल्टा हीं नांवें दिलीं. कप्पामध्यें हे दोन्ही पालट होते. जगभर पसरलेल्या डेल्टामध्यें ४५२ चा होता, ४८४ चा नव्हता. कोणत्याहि गांवाच्या वा देशाच्या कपाळीं रोगाचा डाग लागूं नये, म्हणून हीं ग्रीक अक्षरें योजिलीं. रोग जेथें प्रथम नजरेस येतो, तेंच त्याचें जन्मस्थान ठरत नाहीं. वऱ्हाडाला बोल लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या विषाणूचा संपूर्ण लेख वाचून होण्यास २००५ साल उजाडलें. अमरावतीची टाळेबंदी व दिल्लीची घोषणा ह्यांत अवघे ३० दिवस गेले. तरीहि तेवढ्यांत सांथ पुढें निघून गेली होती. ताप नसलेल्या माणसाचीहि तपासणी करावी व नमुने विनाविलंब वाचावेत, हा वऱ्हाडाच्या त्या महिन्याचा धडा होय.