दिनविशेष : १० फेब्रुवारी
ल्युसिया हॅरिस यांचा जन्म (१९५५)

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी या गावी, शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या बास्केटबॉलपटू ल्युसिया हॅरिस यांचा आज जन्मदिन. अकरा भावंडांत त्या दहाव्या. उंची सहा फूट तीन इंच. डेल्टा स्टेट या छोट्या विद्यापीठाला त्यांनी प्रशिक्षक मार्गारेट वेड यांच्या हाताखाली १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे महिला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल आले ते १९७६ साली, माँट्रियलला. तिथली पहिली बास्केट हॅरिस यांची! तो सामना मात्र अमेरिका जपानकडून हरली. शेवटी संघाला रौप्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत त्यांची निवड केली. यात प्रसिद्धीचा सोस किती आणि कदर किती, कोण जाणे. हॅरिस तेव्हा गरोदर होत्या. संघाच्या निवड चाचणीला त्या गेल्याच नाहीत. पुढे महिलांच्या एका अल्पजीवी व्यावसायिक लीगमध्ये त्या थोडा काळ खेळल्या आणि नंतर गावाकडे शिक्षिका व प्रशिक्षक झाल्या. एनबीएची महिलांची लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली १९९७ मध्ये, म्हणजे त्यांची चाळिशी उलटल्यावर.

१९९२ मध्ये बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या लघु माहितीपटाला ऑस्कर मिळाले, ते त्यानंतर दोनच महिन्यांनी.