चंद्राचा भूशास्त्रीय नकाशा आणि लोणारचा बसाल्ट

भूशास्त्रीय नकाशा केवळ उंचसखलपणा दाखवीत नाही. कोणता खडक कोठे आहे, तो कशाचा बनला आहे आणि शेजारच्या खडकाहून जुना की नवा, हे त्यातून कळते. पृथ्वीवर यासाठी हातोड्याने दगड फोडून पाहता येतो; चंद्राच्या बाबतीत बहुतांश काम दुरूनच करावे लागते.

या कामाची शास्त्रीय चौकट १९६२ मध्ये युजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन यांनी मांडली. एका विवरातून उसळलेला राडारोडा दुसऱ्या विवरावर पसरला असेल, तर खालचे विवर जुने. ज्या पृष्ठभागावर विवरांची दाटी अधिक, त्याचे वयही अधिक. यातून केवळ क्रम कळतो. वर्षांतील वय अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांवरून ठरविता आले. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेने २०२० मध्ये संपूर्ण चंद्राचा एकत्रित नकाशा ५० लाखांस एक या प्रमाणात प्रसिद्ध केला.

चंद्रावरील काळसर डाग ही बसाल्टची मैदाने आहेत, तर उजळ प्रदेश मुख्यतः अ‍ॅनॉर्थोसाइटचा आहे. प्रत्येक खनिज प्रकाशाच्या ठराविक तरंगलांबी शोषून घेते. परावर्तित प्रकाशातील या खुणांवरून खडकाची ओळख पटते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणांनी अशीच पाहणी केली. चांद्रयान-२ वरील क्ष-किरण उपकरण मूलद्रव्यांची नोंद घेते.

मात्र दुरून वाचलेली खूण प्रत्यक्ष खडकाशी ताडून पाहावी लागते. येथे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे महत्त्व आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने निर्माण झाले. याच लाव्हाथरांची कड गोव्याच्या ईशान्य सीमेपर्यंत पोहोचते. पृथ्वीवरील बहुतेक आघात-विवरे अन्य प्रकारच्या खडकांत आहेत. बसाल्टमधील इतके सुस्थितीतील विवर विरळाच. आघाताच्या दाबाने येथील फेल्डस्पार खनिजाची काच झाली असून तिला मास्केलिनाइट म्हणतात. चंद्रावरील बसाल्टला धडक बसल्यावर काय घडते, हे त्यामुळे येथे हाताने तपासता येते.

चांद्रयान-३ मुळे ही पडताळणी प्रत्यक्ष चंद्रावरही झाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अवतरणानंतर प्रज्ञान रोव्हरवरील, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडविलेल्या उपकरणाने २३ ठिकाणी मातीची रासायनिक तपासणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील माती लोहयुक्त अ‍ॅनॉर्थोसाइटशी जुळते. आरंभी चंद्राचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा महासागर होता, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. अपेक्षेहून अधिक आढळलेले मॅग्नेशियम प्राचीन महाआघाताने खोलातून वर आलेल्या द्रव्याचे असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला.

पुढील मोहिमांसाठी उतरण्याची सुरक्षित जागा, बर्फाची शक्यता आणि नमुने गोळा करण्याचे ठिकाण या नकाशांवरूनच ठरते. त्यासाठी लोणारसारखे प्रमाण टिकणे आवश्यक आहे. विवराबाहेर पसरलेले आघाताच्या राडारोड्याचे आवरण आज बऱ्याच अंशी शेती आणि वस्तीखाली आहे. २०२० मध्ये रामसर स्थळ ठरलेल्या सरोवराइतकेच ते जपले पाहिजे. खणून हलविलेला थर पुन्हा मूळ क्रमाने रचता येत नाही.