आयोडीनयुक्त मीठ
पोटॅशियम आयोडेट अल्प प्रमाणात मिसळलेले खाण्याचे मीठ. आयोडीनच्या अभावाने होणारे विकार टाळण्यासाठी ते वापरतात. अवटू ग्रंथीची संप्रेरके आयोडीनपासून बनतात. ते अपुरे पडल्यास ग्रंथी वाढून गळ्यावर सूज येते (पहा : गलगंड). गर्भावस्थेतील न्यूनता अधिक गंभीर असून तीमुळे बालकाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. प्रौढास रोज सु. १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते.

भारतीय वैद्यकशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात केलेल्या अभ्यासाने या मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम करण्यात आले. ग्राहकापर्यंत पोहोचताना मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते.

घरात हे मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवणे आवश्यक आहे. खडे मीठ धुऊन वापरल्यास वर लावलेले आयोडीन पाण्याबरोबर निघून जाते. उपवासाच्या सैंधवात ते नैसर्गिकरीत्या पुरेसे नसते. चाचणीसंचातील द्रावणाचा थेंब टाकल्यावर आयोडीनयुक्त मीठ निळे-जांभळे होते. पांढरेच राहिल्यास ते बदलावे.