उस्तवार करणाऱ्याची चौकशी



घरात कोणी अंथरुणाला खिळलं की आपल्याकडे सारं गाव चौकशीला येतं. रीत चांगली आहे, ती मोडावी असं मी म्हणणार नाही. माणसं ओट्यावर टेकतात, चहा घेतात आणि विचारतात, "म्हातारीचं कसं काय? जेवण जातं का? रात्री झोप लागते का?" उत्तर आतून येतं, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या बाईचं असतं. ती पदराला हात पुसत उंबऱ्याशी उभी असते. "तुला झोप लागते का गं?" असं तिला विचारणारा पाहुणा मात्र मी फारसा पाहिलेला नाही.

आमच्या घरात माझ्या आत्यानं आजीची उस्तवार अकरा वर्षं केली. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, रात्रीतून चार वेळा उठणं, सगळं तिच्याकडे. 1991 साली जनगणनेचे मास्तर आले तेव्हा मी शाळकरी पोर होतो आणि दारातच उभा होतो. मास्तरांनी विचारलं, "ह्या काय करतात?" काका म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मास्तरांनी तसंच टिपून घेतलं. त्यात त्यांची चूक नव्हती. घरकाम करणारी व्यक्ती 'काम न करणारी' म्हणूनच धरायची, असा जनगणनेचा नियमच आहे. आत्या आतून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर हेच वाक्य, "घरीच तर असते," मला अगदी दूरच्या एका देशाच्या सरकारी कागदात भेटलं. तो देश इंग्लंड. तिथे हे वाक्य कायद्यातून पुसायला लोकांना तेवीस वर्षं झगडावं लागलं. ती हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडची लाखो तरुण माणसं मारली गेली. त्या पिढीतल्या कितीतरी मुलींची लग्नं झालीच नाहीत. अशी अविवाहित मुलगी नोकरी करी, स्वतःच्या पायावर उभी राही, आणि आईबाप थकले की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळत. भावांना बायकापोरं होती, हिला काय, ही मोकळी! (हा युक्तिवाद आपल्यालाही नवा नाही.) मग ती नोकरी सोडी. नोकरी सुटली की विम्याची वर्गणी थांबे, आणि वर्गणी थांबली की तिच्या स्वतःच्या म्हातारपणाचं पेन्शन घटे. आईबाप गेल्यावर पन्नाशी उलटलेली ही बाई नोकरीच्या बाजारात उभी राही, तेव्हा तिला विचारणारं कोणी नसे.

मेरी वेब्स्टर ही अशांपैकीच एक. ती काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होती. त्या काळात बाईनं हे काम करणं ही काही लहान गोष्ट नव्हती. 1954 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आजारी आईवडिलांसाठी तिनं काम सोडलं. नऊ वर्षं गेली. 1963 साली तिनं वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिलं. त्यात रडगाणं नव्हतं. आपल्यासारख्या बायका घरोघरी आहेत, त्यांच्या पैशाअडक्याचं आणि उद्याचं काय, एवढाच तिचा रोख होता. पत्र छापून आलं आणि शेकडो उत्तरं आली. उत्तरं लिहिणाऱ्या प्रत्येकीला तोवर वाटत होतं की हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय.

मला ह्या हकीकतीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण इतिहासात चळवळी शिकवतो त्या मोर्चांच्या, सभांच्या, तुरुंगाच्या. ह्या बायकांना मोर्चा काढणं शक्य नव्हतं. घरातून दोन तास बाहेर पडायचं तर आईजवळ बसायला कोण? त्यांच्या हाती होतं ते पोस्टाचं तिकीट. तेव्हा ही चळवळ पत्रांनी सुरू झाली, आणि तिचं पहिलं काम होतं आलेल्या पत्रांना उत्तर देणं: तुम्ही एकट्या नाही, अमुक सवलत आहे, तमुक फॉर्म भरा. माहिती देणं आणि धीर देणं ही दोन कामं तिथे पहिल्या दिवसापासून एकत्र आली, ती पुढे कधी सुटी झाली नाहीत.

1965 साली मेरी वेब्स्टरनं संस्था उभी केली. तिचं नाव लांबलचक होतं. मराठीत सांगायचं तर 'अविवाहित स्त्री व तिच्यावर अवलंबून असणारे यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद.' दोनच वर्षांत, 1967 साली, अशा स्त्रियांना प्राप्तिकरात सूट मिळाली. रक्कम मोठी नव्हती, पण सरकारी कागदावर त्यांची दखल पहिल्यांदा घेतली गेली. मेरी वेब्स्टर 1969 साली वारली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. पुढचं तिनं पाहिलं नाही.

पुढचं असं. 1971 साली सतत देखरेख लागणाऱ्या आजारी माणसाला भत्ता सुरू झाला. 1976 साली त्याची काळजी घेणाऱ्यालाही भत्ता मिळू लागला. अट अशी की आठवड्याला निदान 35 तास काळजी घेतलेली असली पाहिजे. फार मोठी गोष्ट झाली खरी, पण कायद्यात एक मेख मारून ठेवली होती. हा भत्ता पुरुषांना मिळे, अविवाहित बायकांना मिळे. विवाहित बाईला मिळत नसे. का? तर 1974 सालच्या सरकारी पत्रिकेत कारण दिलं होतं त्याचा मथितार्थ असा, की लग्न झालेली बाई एरवीही घरीच असण्याचा संभव असतो.

माझ्या काकांनी ती पत्रिका वाचलेली असणं शक्य नाही. तरी दोघांचं वाक्य एकच!

दहा वर्षं हे असंच चाललं. मग जॅकलीन ड्रेक नावाच्या एका विवाहित बाईनं, अपंग आई आपल्या घरी राहायला आली म्हणून, 1984 साली नोकरी सोडली आणि भत्ता मागितला. नियमाप्रमाणे नकार मिळाला. प्रकरण वर चढत चढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ब्रिटन तेव्हा युरोपीय समुदायात होता, आणि सामाजिक सुरक्षेत स्त्री-पुरुष भेद करू नये असा त्या समुदायाचा 1978 सालचा निर्देश होता. 24 जून 1986 रोजी निकाल लागला, तो बाईंच्या बाजूनं. गंमत अशी की आदल्याच दिवशी सरकारनं आपण होऊन जाहीर करून टाकलं, की विवाहित स्त्रियांनाही भत्ता देऊ! हरायच्या आदल्या दिवशी उदार होण्याची ही रीत सगळीकडच्या सरकारांना ठाऊक असते.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. 1981 साली ज्युडिथ ऑलिव्हर ह्या बाईंनी, ज्यांचे यजमान अपंग होते, निराळी संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं, की केवळ अविवाहित मुलगीच कशाला? बायको नवऱ्याचं करते, नवरा बायकोचं करतो, आई मतिमंद मुलाचं करते, कधी शाळकरी पोर आईचं करतं. ह्या सगळ्यांना एकच नाव हवं. ते नाव इंग्रजीत 'केअरर' असं रूढ झालं. 1988 साली दोन्ही संस्था एक झाल्या, आणि 2001 पासून ती संस्था 'केअरर्स यूके' ह्या नावानं ओळखली जाते. त्याच 2001 सालच्या जनगणनेत ब्रिटनमध्ये प्रथमच प्रश्न विचारला गेला, की आपण आजारी, अपंग वा वृद्ध माणसाची बिनमोल काळजी घेता का? जवळजवळ 59 लाख लोकांनी 'होय' म्हटलं.

जाता जाता रग्बी गावची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या नभोवाणीच्या कामाशी नातं सांगणारी आहे. 'क्रॉसरोड्स' नावाची एक लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका तिकडे चालू होती. तिच्यातलं एक पात्र चाकाच्या खुर्चीत बसलेलं दाखवलं होतं. प्रत्यक्षात तसं जगणाऱ्या एका प्रेक्षकानं कंपनीला कळवलं, की बाबांनो, तुम्ही दाखवता तितकं हे सोपं नाही. कंपनीनं तक्रार केराच्या टोपलीत टाकली नाही. तिनं 10,000 पौंड दिले, आणि 1974 साली रग्बीला एक योजना सुरू झाली. शिकवलेली मदतनीस घरी येणार, काही तास आजाऱ्याजवळ थांबणार, आणि घरच्या माणसानं तेवढ्यात बाजार करून यावा, नाहीतर नुसतं झोपावं. योजना देशभर पसरली. तिचं नाव मालिकेचंच राहिलं.

आता आपण विचाराल, कायदे झाले, भत्ते झाले, मग माहिती सांगणाऱ्या कचेऱ्या आणखी कशाला? त्याचं उत्तर त्याच इतिहासात आहे. 1995 साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, की काळजी घेणाऱ्याची स्वतःची गरज काय आहे हे त्यानं मागणी केल्यास स्थानिक संस्थेनं पाहावं. 'मागणी केल्यास!' आता हा हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणी करणार कशी? हा हक्क लोकांना कळवलाच पाहिजे, असं बंधन घालायला दुसरा कायदा लागला, तो झाला 2004 साली. मध्ये नऊ वर्षं गेली. नऊ वर्षांत कितीतरी म्हाताऱ्या माणसांची आजारपणं सुरू होऊन संपतात. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानं तर माहिती व सल्ला देण्याची सोय ठेवणं हेच स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं.

अशा सेवेत काम करणारा माणूस काय करतो? वरवर पाहता तो टेलिफोन उचलतो. पण पलीकडून जो बोलतो तो सहसा स्वतःविषयी बोलतच नाही. आईची औषधं, आईचा पाय, आईचा हट्ट. मदतीला फोन केलाय हे कबूल करायचाही त्याला संकोच वाटतो: मी कुठली केअरर, मी तर मुलगी आहे तिची. ऐकणाऱ्यानं हे सगळं संपू द्यायचं असतं. मग हळूच विचारायचं, "आणि आपलं काय? आपण डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत?" कित्येकदा इथे बोलणं थांबतं. त्यानंतर खरी कामं निघतात: कोणता भत्ता लागू, कोणता फॉर्म, माणूस उचलताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कितीदा बदलायची, आठवड्यातून दोन तास कोण येऊन बसेल. चुकीची माहिती दिली तर घर बुडू शकतं, हेही खरं. 2024 साली तिकडे मोठा गवगवा झाला. भत्ता घेणाऱ्यानं थोडीफार नोकरी केली तर आठवड्याची कमाई 151 पौंडांच्या आत हवी असा तेव्हा नियम होता. ती किंचित जरी वर गेली तरी पुरा भत्ता बंद. कित्येकांना हे उशिरा कळलं, आणि हजारो कुटुंबांच्या मागे वसुली लागली. एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 196 पौंड झाली.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडे ह्या माणसाला धड नावही नाही. 'काळजीवाहू' म्हटलं की डोळ्यांपुढे निवडणुकीआधीचं सरकार उभं राहतं! पण आपल्या भाषेत क्रियापद मात्र आहे, आणि ते फार जुनं, फार नेमकं आहे. आपण म्हणतो, "तिनं सासूचं म्हातारपण काढलं." म्हातारपण सासूचं, पण काढलं सुनेनं. भाषेला जे कळलं ते आपल्या हिशेबाच्या वह्यांना कळलेलं नाही. 2019 साली भारत सरकारनं दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरच्या माणसांची, त्यात लेकरंही आली, बिनमोल काळजी घेणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटं जातात, पुरुषांची 76, असं दिसलं. स्वयंपाकपाणी आणि झाडलोट ह्यांचा हिशेब त्याहून वेगळा.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मात्र नाही. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याला दरमहा काहीशे रुपये देणारी योजना निघाली. आणि 2016 साली संसदेनं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा केला, त्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या दिली आहे: आईबाप आणि इतर घरची माणसंही त्यात धरली आहेत, मोबदला घेऊन करोत वा न घेता. ज्या दिव्यांगाला फार आधार लागतो त्याच्यासाठी काळजीवाहू भत्त्याच्या योजनेचा उल्लेखही त्याच कायद्याच्या 24 व्या कलमात आहे. मात्र सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती जोडून. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 हा बिनपैशाचा टेलिफोन क्रमांक 2021 साली देशभर सुरू झाला. माझ्या वर्गातल्या पोरांना मी एकदा विचारलं, ह्यातलं कोणाला काय ठाऊक आहे? साठ पोरांत एक हात वर झाला. ती मुलगी म्हणाली, "सर, माझा भाऊ दिव्यांग आहे. आई त्याचं सगळं करते." मी म्हटलं, "मग आईला हे ठाऊक असेल." ती म्हणाली, "नाही, मला वर्तमानपत्रात दिसलं. आईला सांगायचं राहूनच गेलंय."

त्या सुट्टीत मी गावी गेलो. आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आत्या सत्तरीच्या पुढे आहे आणि तिची कंबर कायमची धरलेली आहे. मी तिला मेरी वेब्स्टरची सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तिचं कोणी केलं रे शेवटी?"