कोलोनचें पाणी : औषध कीं अत्तर ?



आजच्या विषयाचें नांव ऐकून कांहींना वाटेल कीं, ज्याचें सारें आयुष्य मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यांत गेलें, त्या मास्तराला सुगंधी पाण्याच्या बाटल्यांशीं काय कर्तव्य ? शंका रास्त आहे. म्हणून तिचें निरसन आधींच करतों.

गेल्या पाडव्याला माझ्या पुतण्यानें आपल्या पहिल्या पगारांतून स्वतःसाठीं एक बाटली आणली. तिच्यावर 'ओ-द-कोलोन' हीं अक्षरें होतीं. किंमत ऐकून मी क्षणभर गप्पच झालों. त्यानें मोठ्या हौसेनें घरांतील सर्वांच्या मनगटांवर दोन दोन तुषार उडविले, आणि लगेच घरांत पक्ष पडले. त्याची बहीण म्हणाली, "लिंबाचीं ओलीं पानें चुरगळावीं, तसा वास आहे." वहिनी म्हणाल्या, "एवढे पैसे मोजायचे आणि अर्ध्या तासांत वास उडून जायचा. त्यापेक्षां हिन्याचा फाया काय वाईट?" शेजारच्या गृहस्थांना केशकर्तनालयाची आठवण झाली. शेवटीं पुतण्यानें मला विचारलें. मीं हात दूर केला व एवढेंच म्हटलें, "मला नाहीं आवडला." मुलाचा चेहरा उतरला.

खरें कारण मीं त्याला सांगितलें नाहीं. तें आपणांस सांगतों. १९७१ सालीं, मी दहा वर्षांचा असतांना, माझे वडील तापानें अंथरुणास खिळले. आई आपल्या जुन्या लुगड्याच्या घड्या कोलनवॉटरमध्यें भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवी. एक घडी सुकली कीं दुसरी. वाटी धरून शेजारीं बसणें हें माझें काम. अकराव्या दिवशीं तें काम संपलें. तेव्हांपासून तो वास मला सुगंध म्हणून कधीं आलाच नाहीं. तो मला त्या खोलीचा वास म्हणून येतो.

पुढें मनांत आलें कीं, एकाच पाण्याविषयीं इतकीं भिन्न मतें कां असावीं ? चांगला-वाईटपणा पाण्यांत असतो, कीं वास घेणाऱ्यांत ? जन्माची खोड म्हणून मीं याचा इतिहास धुंडाळला, आणि असें दिसून आलें कीं, आमच्या ओसरीवर त्या दिवशीं पडलेले पक्ष मुळींच नवे नव्हते. या पाण्याविषयीं युरोपांतील लोक तीनशें वर्षें भांडत आले आहेत.

र्‍हाईन नदीच्या कांठीं कोलोन नांवाचें जुनें शहर आहे. रोमन लोकांनीं तेथें वसाहत केली, आणि 'कोलोनिया' म्हणजे वसाहत या लॅटिन शब्दावरूनच शहरास तें नांव पडलें. या शहरांत १७०९ सालीं योहान बाप्टिस्ट फरिना या इटालियन व्यापाऱ्यानें चैनीच्या वस्तूंची पेढी उघडली. त्याचा भाऊ योहान मारिया फरिना हा १७१४ सालीं पेढींत सामील झाला. त्याचा जन्म १६८५ सालचा. गांव, उत्तर इटलींतील सांता मारिया माज्जोरे. ज्यानें कोलोनच्या पाण्यास जगभर नेलें तो हा योहान मारिया.

त्याच्या पाण्याचें नावीन्य समजण्यासाठीं त्या काळच्या युरोपची रुचि ध्यानांत घेतली पाहिजे. तेव्हां श्रीमंतांच्या घरीं कस्तुरी, जबादी, अंबर अशा जड आणि रेंगाळणाऱ्या वासांचा पगडा असे. फरिनानें याच्या उलट मार्ग धरला. बर्गमॉट नांवाचें एक आंबट फळ दक्षिण इटलींत पिकतें. त्याच्या सालीचें तेल, लिंबू व संत्रें यांचीं तेलें, नारिंगाच्या फुलांचा अर्क आणि कांहीं सुगंधी वनस्पति, हें सर्व त्यानें द्राक्षांपासून काढलेल्या शुद्ध मद्यार्कांत मिसळलें. इटलींतील वसंतऋतूच्या सकाळीं, नुकताच पाऊस पडून गेल्यावर, जो वास येतो त्याची आठवण करून देणारें द्रव्य आपणांस सांपडलें आहे, अशा अर्थाचें त्यानें आपल्या भावास १७०८ सालीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आमच्या पुतणीनें तें पत्र वाचलेलें नाहीं. तरी तिचें मत आणि फरिनाचें मत किती जवळ आलें पाहा!

या पाण्याचा पहिला वाद जन्माविषयींचा आहे. फरिनाच्याच मुलखांतून आलेला योहान पॉल फेमिनिस नांवाचा दुसरा एक इटालियन कोलोनमध्यें 'आक्वा मिराबिलिस', म्हणजे 'अद्भुत जल', विकत असे. १७२७ सालीं तेथील विद्यापीठाच्या वैद्यकशाखेनें त्याच्या पाण्यास प्रशस्तिपत्रही दिलें. मूळ कृति फेमिनिसची, असें एक पक्ष म्हणतो. सुगंध म्हणून हें पाणी घडविलें तें फरिनानेंच, असें दुसरा. एवढें मात्र खरें कीं, आधीं या पाण्याकडे लोक औषध म्हणून पाहत होते. डोकें दुखलें, छातींत धडधडलें, पोट बिघडलें, तर तें कपाळास लावीत, हुंगीत, इतकेंच नव्हे तर मद्यांत थेंब टाकून पीतही असत.

दुसरा वाद त्यांतूनच निघाला : हें औषध कीं अत्तर ? त्याचा निकाल वैद्यांनीं नव्हे, तर कायद्यानें लावला. १८१० च्या ऑगस्टमध्यें नेपोलियनच्या सरकारनें गुप्त औषधांसंबंधीं हुकूम काढला. ज्यांना औषध म्हणून कांहीं विकावयाचें असेल त्यांनीं त्याची कृति सरकारास सांगावी, असा त्याचा आशय. कोलोन शहर तेव्हां फ्रेंचांच्या अमलाखालीं होतें. कृति सांगितली कीं धंदा बुडाला ! उत्पादकांनीं शहाणपणाचा मार्ग पत्करला : आमचें पाणी औषध नव्हेच, तें केवळ सुगंधासाठीं आहे, असें ते म्हणूं लागले. काल ज्यानें पोटदुखी बरी होत होती, तें आज फक्त रुमालावर शिंपडण्याचें झालें. पाणी तेंच, नांव मात्र बदललें.

गंमत अशी कीं, ज्याच्या राज्यांत हा हुकूम निघाला तो नेपोलियन स्वतः या पाण्याचा मोठा भक्त होता. स्नानानंतर तें अंगावर ओतून घेऊन चोळण्याची त्याची संवय त्याच्या सेवकांनीं लिहून ठेवली आहे. उलट त्याची पत्नी जोसेफीन हिला कस्तुरीचें वेड. म्हणजे फ्रान्सच्या राजवाड्यांतही आमच्या घराप्रमाणेंच दोन पक्ष होते. पराभवानंतर सेंट हेलेना बेटावर कोलोनची आयात कठीण झाली, तेव्हां अली या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सेवकानें हाताशीं मिळालेल्या द्रव्यांतून आपल्या धन्यासाठीं तसलेंच पाणी तयार केलें. व्हर्साय येथें जुन्या सुगंधांचें जतन करणारी 'ऑस्मोथेक' नांवाची संस्था आहे. तेथें या पाण्याची प्रतिकृति करून ठेवली आहे. राज्य गेलें, सैन्य गेलें, पण ज्या वासाशीं उमेदीचे दिवस जोडलेले होते, तो वास त्या मनुष्यास हवा होता. माझें उदाहरण याच्या बरोबर उलट आहे. पण नियम एकच.

तिसरा वाद नांवाचा. माल खपूं लागला कीं नकला निघतात. त्या काळीं व्यापारी चिन्हांस कायद्याचें संरक्षण पुरेसें नव्हतें, आणि फरिना हें आडनांव इटलींत दुर्मिळ नव्हतें. विल्हेल्म म्यूलहेन्स नांवाच्या व्यापाऱ्यानें १८०३ सालीं एका फरिनाकडून नांव वापरण्याचा हक्क विकत घेतला. या फरिनाचा मूळ पेढीशीं कांहीं संबंध नव्हता. पुढें दीर्घ कज्जे झाले, आणि अखेर १८८१ सालीं म्यूलहेन्सच्या घराण्यास तें नांव सोडावें लागलें. पण त्यांच्यापाशीं दुसरें एक चिन्ह होतें : फ्रेंचांनीं शहर घेतल्यावर घरांना क्रमांक घातले, तेव्हां ग्लोकेनगास्से या गल्लींतील त्यांच्या घरास आलेला ४७११ हा आंकडा. १८७५ सालीं त्यांनीं तो व्यापारी चिन्ह म्हणून नोंदविला होता. आज मूळ फरिनाचें पाणी मिळतें आणि ४७११ देखील मिळतें. पॅरिसमध्यें १८०६ सालीं दुकान थाटणाऱ्या आणखी एका फरिनाचा वारसा १८६२ सालीं रोजे आणि गाले यांच्याकडे गेला. खरें कोणतें, या प्रश्नास प्रत्येकजण आपापल्या बाटलीकडे बोट दाखवून उत्तर देतो.

चौथा वाद आमच्या वहिनींनीं उपस्थित केला, तो टिकाऊपणाचा. आणि त्यांत शास्त्र आहे. लिंबूवर्गीय तेलांचे कण हलके असतात; ते चटकन् हवेंत उडून जातात. आपल्याकडे कनोजला देग आणि भपका यांनीं फुलांची वाफ काढून ती चंदनाच्या तेलांत मुरवितात. चंदन जड; तें सुगंधाला धरून ठेवतें. म्हणून हिन्याचा फाया दुसऱ्या दिवशींही बोलतो, आणि कोलोनचें पाणी घटकाभरांत मौन धरतें. पण एकाचा जो दोष तोच दुसऱ्याच्या मतें गुण. उकाड्याच्या दिवशीं ज्याला क्षणभर हुशारी हवी आहे, त्याला रेंगाळणारा वास नकोसा होतो. कपाळावरील घडीचें रहस्यही या उडण्यांतच आहे : मद्यार्क उडतांना कातडीची उष्णता घेऊन जातो. त्यानें कपाळ गार होतें, रोग जात नाहीं. लहान मुलांच्या अंगास मद्यार्क चोळूं नये, असें आतांचे डॉक्टर बजावतात.

राहिला पांचवा वाद : हा वास पुरुषी कीं कसा ? प्रारंभीं असा भेद नव्हता. नेपोलियन जसा याचा गिऱ्हाईक, तशी व्हिक्टोरिया राणीही फरिनाची गिऱ्हाईक होती. पुरुषांचें कपाट निराळें, ही वांटणी पुढें दुकानदारीनें पक्की केली. १९६६ सालीं फ्रान्समधील दिओर या पेढीसाठीं एडमाँ रूदनित्स्का या कुशल सुगंधकारानें 'ओ सोवाज' हें पुरुषांसाठींचें पाणी रचलें. लिंबाच्या जुन्या ताजेपणांत त्यानें जाईची आठवण देणारें एक कृत्रिम द्रव्य मिसळलें होतें. २०१५ सालीं त्याच पेढीनें 'सोवाज' नांवाचें दुसरें पाणी काढलें. तें फ्रांस्वा दमाशी यांचें. अंबराची छटा देणारें कृत्रिम द्रव्य त्यांत ठळक आहे. जगांत अत्यंत खपणाऱ्या सुगंधांत त्याची गणना होते, आणि तितकीच त्याच्यावर टीकाही होते. जुन्यांचे भक्त म्हणतात, हा वास माणसाच्या आधीं खोलींत शिरतो. नव्यांचे भक्त म्हणतात, तेंच तर हवें ! जोसेफीन आणि नेपोलियन यांचें भांडण अजून मिटलेलें नाहीं, एवढाच याचा अर्थ.

मग खरा न्याय कोणता ? इतर इंद्रियांचे संदेश मेंदूंत एका मधल्या ठाण्यावरून पुढें जातात. वासाचा संदेश मात्र तें ठाणें न घेतां भावना व स्मृति यांच्या स्थानांकडे सरळ पोंचतो, असें शरीरशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून वासाविषयीं आपण मत देतों असें वाटतें, तेव्हां पुष्कळ वेळां आपण साक्ष देत असतों. साक्ष खोटी नसते. पण ती आपल्या आयुष्याची असते, बाटलीची नव्हे. मी पुतण्याला "आवडला नाहीं" म्हणालों, तेव्हां माझी साक्ष मीं निकाल म्हणून त्याच्या हातीं ठेवली. पंचेचाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसानें एवढी चूक करावयास नको होती.

परवां मीं त्याला बोलावून घडीची ती सारी हकीकत सांगितली. तो आपल्या आजोबांविषयीं इतकें कधीं ऐकून नव्हता. थोड्या वेळानें तो म्हणाला, "काका, मग मी ही बाटली घरांत वापरीत नाहीं." मीं म्हटलें, "वापर. तुझ्या पहिल्या पगाराचा हा वास आहे. तुझ्या मुलांना तो तसाच आठवूं दे." मग मींच हात पुढें केला. त्यानें दोन तुषार उडविले. प्रथम लिंबू आलें, नंतर संत्र्याची साल, आणि त्यामागून ती खोली आलीच. पण या वेळीं मीं हात दूर केला नाहीं. वास उडून जाईपर्यंत आम्ही दोघे बोलत बसलों होतों.