गंजाचा हिशेब

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यावर गर्दी लोटते ती नर-मादी पाहायला. बोरी नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याचे हे दोन सांडवे. त्यांवरून पाणी कोसळत असताना बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभे राहता येते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, १६१३ सालचे हे काम चारशेहून अधिक पावसाळे पाहून उभे आहे.

त्यावरून ‘जुने तेच टिकाऊ’ म्हणण्याची घाई मात्र नको. बोरीचे पाणी गोडे, आणि बांधकाम दगडी. त्याचा भार सळयांवर नाही. आजच्या काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून पोटात पोलादी सळई घालावी लागते. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मी वेढ्यात सळईवर संरक्षक पापुद्रा धरतो आणि ती सुखरूप राहते. समुद्राचे मीठ झिरपत सळईपाशी पोहोचले की तो पापुद्रा तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतूनच फुटते.

गोव्याने याची किंमत मोजली. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षे होते. पुलाच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे त्यामागचे मोठे कारण. पणजी-बेती फेरीबोटींवर पुन्हा भार आला. १९७३ साली खुल्या झालेल्या ठाणे खाडीपुलाच्या तारांनाही गंजाने गाठले. तो पडला नाही, पण शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

मीठ सळईपर्यंत कधी पोहोचेल, हे आधी सांगता येते का? या गणिताचे मूळ एका शरीरशास्त्रज्ञाकडे जाते. अडॉल्फ फिक या जर्मन संशोधकाने १८५५ साली विसरणाचा, म्हणजे पदार्थ आपोआप पसरत जाण्याचा, नियम मांडला. १९७०च्या दशकात तो काँक्रीटमध्ये शिरणाऱ्या मिठातल्या क्लोराइडला लावला गेला. १९८२ साली स्वीडनमध्ये टूट्टी या संशोधकाने सळई घातलेल्या काँक्रीटच्या आयुष्याचे दोन भाग केले: मीठ सळईपर्यंत पोहोचेपर्यंतचा काळ आणि त्यानंतर गंज वाढण्याचा काळ.

भारतीय मानक आयएस ४५६ची २००० सालची आवृत्ती याच धोक्याची प्रतवारी करते, आणि त्यात एक गंमत आहे. समुद्रात कायम बुडालेल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, चालते; भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र ७५ लागते. बुडालेल्या भागाला प्राणवायू कमी मिळतो, तर भरतीच्या पट्ट्यात मीठ, पाणी आणि हवा तिन्ही आळीपाळीने हजर असतात.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या मुंबईच्या अटल सेतूचे शंभर वर्षांचे संकल्पित आयुष्य अशाच हिशेबांवर बेतावे लागते. कागदावरची आकडेमोड नेटकी असली, तरी सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवतो तो साइटवरचा माणूस. फिकच्या नियमात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, आणि उलटही तसेच. ७५ मिलिमीटरच्या जागी ५० भरले, तर मीठ निम्म्याहून कमी काळात सळईला भिडते.