उकाझचा बाजार

अरबांच्या ज्या बाजाराचें नांव व्यापाऱ्यांपेक्षां कवींनींच अधिक जागतें ठेविलें, तो ताइफपासून सुमारें ४० किलोमीटरांवरील मैदानांत भरणारा उकाझ होय. इस्लामपूर्व काळीं जुल्काद महिन्याच्या आरंभीं तो भरे व सुमारें वीस दिवस चाले. मग मजन्ना व जुल्मजाझ येथील बाजार करीत लोक मक्केच्या यात्रेस जात. तेथील कमावलेलें चामडें दूरवर प्रसिद्ध होतें. माणसांचीही विक्री होई. पैगंबरांनीं पुढें पुत्रवत् मानिलेला झैद हा बालपणीं येथेंच गुलाम म्हणून विकला गेला होता. काव्याच्या कौतुकांत हें विसरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

ज्या देशांत राजा नाहीं आणि खुनास खून हाच न्याय, तेथें शत्रू एका मैदानांत उतरत कसे? वर्षांतील चार महिने युद्धास निषिद्ध होते आणि जुल्काद त्यांपैकीं एक. तरीही विश्वास बेताचाच! नामांकित योद्धे तोंड झांकून बाजारांत फिरत, असें जुने ग्रंथकार सांगतात. कारण चेहरा आज ओळखला गेला, तर महिने उलटतांच वैरी त्याला गांठणार. सहाव्या शतकाच्या अखेरीस हीरेच्या राजाचा तांडा उकाझकडे नेणाऱ्या हवाझिन जमातीच्या उर्वाचा निषिद्ध महिन्यांतच खून झाला. त्यांतून पेटलेल्या युद्धास अरबांनीं ‘फिजार’, म्हणजे अधर्माचें युद्ध, असें नांव दिलें.

अशा या पातळ शांततेच्या आश्रयानें कविता वाढली. नाबिगा या वृद्ध कवीसाठीं तांबड्या चामड्याचा तंबू उभारीत आणि तो निवाडा देई. भावाच्या मृत्यूवर विलापगीतें रचणाऱ्या खन्सेस त्यानें एकदां अंध कवि आशा याच्या खालोखाल स्थान दिलें, तेव्हां हस्सान चिडला, अशी कथा आहे. विजयी कविता सोन्याच्या अक्षरांनीं लिहून काबेवर टांगीत, ही आख्यायिका मात्र विद्वान् सहसा मानीत नाहींत, आणि आम्हांसही ती पटत नाहीं; हें काव्य मुख्यतः मुखोद्गतच राहिलें. बोली जमातीगणिक निराळ्या असतां कवितेची भाषा सर्वांस समजे, तें घडण्यांत अशा मेळ्यांचा वांटा मोठा असावा.

हिजरी १२९ च्या सुमारास खारिजी बंडखोरांनीं उकाझ लुटला व तो बंद पडला. २००७ सालीं सौदी सरकारनें त्याच परिसरांत उकाझच्या नांवानें उत्सव सुरू केला आणि त्यांत ‘उकाझचा कवि’ हा पुरस्कारही ठेविला.